अर्धीच

सावद्याच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानावर
फिरके मॅडमचा क्लास. संध्याकाळी सात ते आठ.
आम्ही तिघं: मी, पॅकहाउसमधला हिलाल,
आणि दुबईला भटारखान्यात निघालेला सुभान तडवी.
बोटांवर केळीचा चीक. तो निघत नाही,
रॉकेलनं निघतो थोडा.

मॅडमनं टेबलावर चादर अंथरली.
काटा उजवीकडे की डावीकडे, इथं स्वतःच अडखळल्या,
मग डावीकडे ठेवला. म्हणाल्या, असंच असतं.
मेनूकार्ड जळगावच्या हॉटेलातून आणलेलं,
वरणाच्या डागासकट.

आज मी गिऱ्हाईक, हिलाल वेटर.
खांद्यावर त्याचाच घामट रुमाल.
"गुड इव्हनिंग सर," म्हणाला,
आणि मी मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.
सुभान इतका हसला की खालून खतवाला ओरडला.

"मला दे" असं नाही म्हणायचं.
मे आय हॅव, म्हणायचं.
बावीस वर्षं घड मोजतोय,
ट्रकच्या ट्रक रवाना केले,
पण खाण्यासाठी परवानगी
कधी कुणाची मागितली नव्हती.
तरी तोंडात घोळवलं की बरं लागतं,
खडीसाखरेसारखं. मे आय हॅव. मे आय हॅव.
सायकलवर येताना पूर्ण रस्ताभर.

भरीत कसं सांगायचं?
सुभान म्हणाला, स्मोक्ड.
मॅडमनं फळ्यावर लिहिलं, स्मोक्ड ब्रिंजल.
आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो.
त्यात काट्याकुट्यांचा जाळ नव्हता,
कांद्याची पात नव्हती,
शेतात मांडी घालून बसलेली पंधरा माणसं नव्हती.
वांगं तेवढं होतं.

नको असेल तर नो थँक्यू.
हसून. आणि एकदाच.
"एकदाच?" हिलालनं विचारलं. "अन् दुसऱ्यांदा?"
"दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही."

मार्चात माल बघायला परदेशी साहेब आले.
मालकानं जळगावला मोठ्या हॉटेलात नेलं,
मलाही नेलं, दर्जा सांगायला.
मी पूर्ण वाक्य बोललो. काट्याला हात लावला नाही,
पण तो डावीकडेच होता, मॅडम बरोबर होत्या.
वेटर आपल्या यावलचा निघाला,
कानाशी वाकून म्हणाला, "पाणी साधं देऊ का भो?"

मग तो रोट्यांची टोपली घेऊन आला.
मी म्हटलं, नो थँक्यू.
घरी म्हणतो तसंच म्हटलं,
म्हणजे वाढ थोडी.
टोपली पुढं गेली.
साहेबांकडे, मालकाकडे, आत.
परत आली नाही.
यावलच्या पोरानंही कुठंतरी क्लास केला असावा.

घरी पोचलो तेव्हा साडेबारा.
बायको उठून बसली.
"जेवले नई वाटते."
"जेवलो. मोठं हॉटेल होतं."
तिनं काही न बोलता टोपल्यावरचं फडकं काढलं.
कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.
नको, म्हटलं. एक पडली.
नको नको, म्हटलं. अर्धी पडली.
तिसऱ्यांदा मी बोललोच नाही.

सोमवारी मॅडमना विचारलं:
ज्याचा अर्थ अर्धी वाढा असा होतो
त्या नकोला इंग्रजीत काय म्हणतात?
त्यांनी खडू खाली ठेवला.
पंखा फिरत होता. खाली कुणी पोती उतरवत होतं.
"जस्ट हाफ," सुभान म्हणाला.
मॅडमनं पुढं प्लीज लावून दिलं.

मी लिहून घेतलं, घडांच्या वहीत,
रविवारच्या बेरजेखाली: जस्ट हाफ, प्लीज.
शब्द सोपे आहेत. पाठ झाले.
फक्त कुणीतरी
दुसऱ्यांदा विचारायला हवं.